आय-सेव्हन म्हटलं म्हणून भुलू नका: पोरांसाठी लॅपटॉप घेताना

(आपल्या रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



बारावीचे निकाल लागले, कॉलेजचे प्रवेश सुरू झाले, की हल्ली गटाच्या बैठकीत एक नवीन मागणी येते. पूर्वी आपण कर्ज मागायचो ते बियाण्यासाठी, शेळीसाठी, दवाखान्यासाठी. आता लॅपटॉपसाठी मागतो. हिवरा आश्रमला शाळा-कॉलेजं आहेत, बाहेरगावची पोरं इथे शिकायला येतात. आपली पोरं पुढे चिखली, बुलडाणा, शेगाव, अकोला, पुण्यापर्यंत जातात. त्यामुळे ही मागणी वाढणारच आहे, आणि ती चुकीची नाही.

पण शेळी घेताना आपण तिचे दात बघतो, कास बघतो, चार जणींना विचारतो. लॅपटॉप घेताना काय बघतो? रंग बघतो, किंमत बघतो, आणि दुकानदार सांगेल ते ऐकतो. आज मी त्या लॅपटॉपचे दात कसे बघायचे ते सांगणार आहे.

आधी आमच्याच गटात घडलेली गोष्ट सांगते.

आमच्या गटातल्या एका ताईच्या पोरीला बीसीएला प्रवेश मिळाला. पोरगी म्हणाली, "आई, मले लॅपटॉप पाह्यजे, कॉलेजात सगळ्यांजवळ हाय." ताईने गटाकडे पंचवीस हजार मागितले. गटाची सचिव मी. गावात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं कामही मीच करते, म्हणजे कॉम्प्युटरमधलं चार अक्षरं मला जास्त कळतं. तरी मी कोणता लॅपटॉप घेणार, हे विचारलंच नाही. परतफेड चांगली होती, सगळ्यांनी होकार दिला, मी ठराव लिहिला.

ताई आणि तिची पोरगी मोठ्या शहरातल्या एका दुकानात गेल्या. नवीन लॅपटॉप बजेटच्या बाहेर होते. दुकानदाराने जुना पण चकचकीत केलेला एक काढला. त्यावर आय-सेव्हनचं स्टिकर होतं. तो म्हणाला, "ताई, आय-थ्री सगळ्यात लहान, आय-फाइव्ह मधला, हा आय-सेव्हन. तुम्हाला मोठा देतो कमी पैशात." कुणाला पटणार नाही? ताई खुशीत घरी आली, पेढेसुद्धा वाटले.

दोन महिन्यांनी पोरगी माझ्याकडे आली. मोबाइलचं ॲप बनवायचं सॉफ्टवेअर उघडलं की लॅपटॉप गरम होतो, अडकतो. विंडोज ११ टाकायला गेली तर हा कॉम्प्युटर चालणार नाही असं उत्तर येतं. मी प्रोसेसरचं पूर्ण नाव पाहिलं. आय७-६६००यू. तो प्रोसेसर २०१५ सालचा होता. दुकानदार खोटं बोलला नव्हता, तो आय-सेव्हनच होता. पण आमच्यापैकी कुणीही पुढचा आकडा वाचला नव्हता.

प्रोसेसर म्हणजे काय

लॅपटॉपमध्ये तीन गोष्टी मुख्य. आपल्या स्वयंपाकघराशी ताडून बघा.

प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारे हात. जो काही हिशोब, जे काही काम, ते हा करतो. रॅम म्हणजे ओटा. काम चालू असताना लागणाऱ्या वस्तू ओट्यावर मांडलेल्या असतात. ओटा लहान असला की दर वेळी कोठीत जावं लागतं आणि वेळ जातो. आणि एसएसडी म्हणजे कोठी, जिथे सगळं कायमचं साठवलेलं असतं. जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडीऐवजी फिरणारी हार्ड डिस्क असते, ती फार हळू चालते.

यातला ओटा आणि कोठी बऱ्याच लॅपटॉपमध्ये नंतर वाढवता येते. पण प्रोसेसर मुख्य पाटीला पक्का जोडलेला असतो, तो बदलता येत नाही. म्हणून तो पहिल्याच दिवशी नीट निवडायचा.

कोर म्हणजे किती हात

प्रोसेसरच्या आत कोर असतात. कोर म्हणजे एकेक स्वतंत्र काम करणारी जोडी. हे आपल्या गावच्या माणसाला समजावून सांगायला अवघड नाही. विवेकानंद जयंतीच्या उत्सवाला इथे पुरी-भाजीचा महाप्रसाद होतो. एकच कढई आणि एकच ट्रॅक्टर असता तर एवढ्या पंगतीला वाढून झालं असतं का? कढया पुष्कळ, वाढणारे हात पुष्कळ, पंगतीतून ट्रॅक्टर एकाच वेळी फिरतात, म्हणून ते काम होतं.

हाच विचार आपल्या भागातल्या एका माणसाने फार मोठ्या कामात वापरला. शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे प्रमुख होते. ही संस्था १९८८ साली सुरू झाली. भारताला हवा तसा महासंगणक अमेरिकेकडून मिळत नव्हता. तेव्हा सी-डॅकने एकच प्रचंड प्रोसेसर बनवायचा हट्ट धरला नाही. लहान लहान ६४ प्रोसेसर एकमेकांना जोडले, काम त्यांच्यात वाटून दिलं, आणि १९९१ साली परम ८००० हा भारताचा पहिला महासंगणक उभा केला. आज पोरांच्या लॅपटॉपमध्ये एकाच चिपवर सहा, आठ, दहा कोर असतात. तत्त्व तेच, काम वाटून करायचं.

आता ताईच्या लॅपटॉपकडे बघा. आय७-६६००यू मध्ये कोर आहेत दोन. आणि २०२२ साली आलेल्या आय३-१२१५यू मध्ये कोर आहेत सहा. त्यातले दोन मोठे, जड कामाचे, आणि चार लहान, वीज वाचवणारे. म्हणजे नावाने सगळ्यात लहान असलेला नवा आय-थ्री हा नावाने मोठ्या असलेल्या जुन्या आय-सेव्हनपेक्षा कितीतरी पुढे. आणि हातांची संख्याच नाही, नव्या पिढीचा एकेक हातही चपळ असतो.

आकडा कसा वाचायचा

वही-पेन असेल तर लिहून घ्या. बाजारात मुख्यतः दोन कंपन्यांचे प्रोसेसर असतात, इंटेल आणि एएमडी. दोन्ही चांगले आहेत. भांडण कंपनीचं नाही, आकड्याचं आहे.

इंटेलचं नाव असं असतं: आय५-१२३५यू. यात आय५ हा दर्जा. पुढच्या आकड्याचे पहिले दोन अंक, म्हणजे १२, ही पिढी. बारावी पिढी. आय५-१३३५यू असेल तर तेरावी. जुन्या प्रोसेसरचा आकडा ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, तेव्हा तो पहिला एकच अंक पिढी सांगतो. ६६०० म्हणजे सहावी, ८२५० म्हणजे आठवी. पिढी लहान म्हणजे प्रोसेसर जुना.

२०२३ च्या अखेरपासून इंटेलने नव्या प्रोसेसरच्या नावातला 'आय' काढायला सुरुवात केली. आता 'कोअर ५ १२०यू' किंवा 'कोअर अल्ट्रा ५ १२५एच' अशी नावं दिसतात. ती नवीन आहेत, घाबरू नका.

शेवटचं इंग्रजी अक्षर महत्त्वाचं. यू असेल तर तो कमी वीज खाणारा, कमी तापणारा, बॅटरी जास्त पुरवणारा. एच असेल तर ताकदवान, पण वीज जास्त खाणारा आणि पंख्याचा आवाज करणारा. आपल्याकडे दुपारी लाइट जाते, रात्री व्होल्टेज पडतं. अभ्यास करणाऱ्या पोराला लाइट नसताना चार-पाच तास बॅटरी पुरली पाहिजे. म्हणून बहुतेक पोरांना यू बरा.

एन अक्षराने सुरू होणारेही असतात, उदाहरणार्थ एन१००. त्यात चार लहान कोर असतात. स्वस्त असतो. लिहिणं, वाचणं, ऑनलाइन तास, फॉर्म भरणं, एवढ्याला ठीक. प्रोग्रामिंग किंवा गेमसाठी तो घेऊ नका.

एएमडीच्या प्रोसेसरचं नाव रायझन. रायझन ३, रायझन ५, रायझन ७ असे दर्जे. इथे एक फसवी जागा आहे, ती नीट ऐका. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. दोन्हींत ७ हजार, दोन्ही रायझन ५, दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले. फरक फक्त तिसऱ्या अंकाचा. ७ हजारच्या मालिकेत तिसरा अंक आतली बनावट किती नवी ते सांगतो. ७५२०यू मध्ये २ आहे, त्याची बनावट जुनी आणि कोर चार. ७५३०यू मध्ये ३ आहे, कोर सहा. शिवाय ७५२०यू च्या लॅपटॉपमध्ये रॅम पाटीलाच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. एका अंकाने एवढा फरक पडतो.

जुना घ्यायचा असेल तर

जुना लॅपटॉप घेऊच नये असं मी म्हणत नाही. आपण जुना ट्रॅक्टर घेतो, जुनी शिलाई मशीन घेतो. पण एक रेघ लक्षात ठेवा. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. विंडोज ११ साठी कंपनीने जी यादी दिली आहे, त्यात इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचेच प्रोसेसर धरले आहेत. म्हणून आठव्या पिढीच्या आतला लॅपटॉप कितीही स्वस्त मिळाला, कितीही मोठ्या नावाचा असला, तरी कर्ज काढून घेऊ नका. चार वर्षं वापरायचा असेल तर दहावी-अकरावी पिढी तरी बघा.

दुकानात तपासणी सोपी आहे. लॅपटॉप चालू करायला सांगा. सेटिंग, मग सिस्टीम, मग अबाउट उघडा. तिथे प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि रॅम किती ते लिहिलेलं असतं. पोरीला मोबाइलवर त्याचा फोटो काढायला सांगा. स्टिकरवर विश्वास ठेवू नका, स्टिकर बाजारात मिळतात.

गेमचं काय करायचं

पोरं लॅपटॉप मागताना अभ्यासाचं सांगतात, गेमचं सांगत नाहीत. आपल्याला ठाऊक असतंच. मी तर म्हणते, आधीच विचारून टाका. "गेम खेळशील का? कोणता?" पोरगं खरं बोललं तर पैसे वाचतात.

कारण असं. गेमचं चित्र पडद्यावर काढायचं काम ग्राफिक्सचं. बहुतेक लॅपटॉपमध्ये ते प्रोसेसरच्या आतच असतं. बुद्धिबळ, माइनक्राफ्ट, गाड्यांचे जुने गेम, व्हॅलोरंटसारखा गेम, हे सगळे चित्राचा दर्जा थोडा कमी ठेवला तर नव्या आय-फाइव्ह किंवा सहा कोरच्या रायझन ५ वर चालतात. सुट्टीत तासभर खेळायला एवढं पुरे. त्यासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला गेमिंग लॅपटॉप लागत नाही. तो महाग असतो, जड असतो, त्याची बॅटरी लवकर संपते, आणि पूर्ण ताकद फक्त चार्जर लावल्यावर मिळते. एसटीने कॉलेजला जाणाऱ्या पोरीने ते ओझं रोज कशाला वाहायचं?

एक युक्ती मात्र सांगते. प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स आपल्याच रॅमचा ओटा वापरतं. १६ जीबीची एकच पट्टी लावण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन पट्ट्या लावल्या तर सामान ने-आण करायचा रस्ता दुप्पट रुंद होतो आणि गेम जास्त सुरळीत चालतो. म्हणून दुकानदाराला विचारा, रॅमची दुसरी जागा रिकामी आहे का? असेल तर आज ८ जीबीचा घ्या, पुढच्या वर्षी कापूस विकल्यावर दुसरी ८ जीबीची पट्टी लावा.

कुणाला कोणता

आता सरळ सांगते.

पोरगं अकरावी-बारावीत असेल आणि शाळेने मागितला नसेल, तर लॅपटॉपची घाई करू नका.

बीए, बीकॉम, डीएड, स्पर्धा परीक्षा, टायपिंग, एमएस-सीआयटी: बाराव्या पिढीचा किंवा त्यापुढचा आय-थ्री, ८ जीबी रॅम, एसएसडी. पैसे फारच कमी असतील तर एन मालिकेतला.

बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर, पॉलिटेक्निक किंवा इंजिनिअरिंगची कॉम्प्युटर शाखा, सोबत थोडं खेळणं: बाराव्या-तेराव्या पिढीचा आय-फाइव्ह यू, किंवा कोअर ५ १२०यू, किंवा रायझन ५ ५६२५यू अथवा ७५३०यू. रॅम १६ जीबी, नाहीतर ८ जीबी आणि एक जागा रिकामी. मोबाइल ॲप बनवायच्या सॉफ्टवेअरला ८ जीबी ही कमीत कमी गरज आहे, म्हणून इथे कंजुषी नको.

सिव्हिल, मेकॅनिकलचं मोठं ड्रॉइंग, थ्रीडी, व्हिडिओ एडिटिंग: एच अक्षराचा प्रोसेसर आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड लागू शकतं. पण पहिल्या दिवशी घेऊ नका. एक सत्र कॉलेजच्या लॅबवर काढा, शिकवणाऱ्या सरांना-मॅडमना विचारा, मग ठरवा.

आय-सेव्हन, रायझन ७ यांची गरज आपल्या बहुतेक पोरांना नाही. ते पैसे रॅममध्ये घाला.

हप्त्यांचा हिशोब

आपण गटाच्या बाया, व्याज कळल्याशिवाय उठायचं नाही. समजा, ४०,००० रुपयांचं कर्ज घेतलं. मुद्दल महिन्याला २,००० प्रमाणे २० हप्ते. व्याज महिना २ टक्के. पहिल्या महिन्याचं व्याज ८०० रुपये, मग दर महिन्याला ४० रुपयांनी कमी. वीस महिन्यांचं एकूण व्याज ८,४०० रुपये. म्हणजे लॅपटॉप पडला ४८,४०० ला. व्याज १ टक्का असेल तर ४,२०० रुपये. म्हणून गटाने शिक्षणाच्या कर्जाला कमी व्याज लावावं असं मला वाटतं, त्यावर तुमच्या बैठकीत चर्चा करा.

आणि बघायचं ते हे: हप्ते फिटायच्या आत लॅपटॉप निकामी व्हायला नको. तीन वर्षांच्या शिक्षणाला तीन वर्षं टिकणारा लॅपटॉप हवा. पाच हजार वाचवायला दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर घेतला, तर दुसऱ्या वर्षी पुन्हा कर्ज. तसंच उलट, पोरगी फक्त टायपिंग करणार असेल आणि आपण गेमिंग लॅपटॉप घेतला, तर ते व्याजही फुकटच गेलं.

दुकानात विचारायचे सात प्रश्न

एक, प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि आकडा काय? दोन, पिढी कोणती? तीन, रॅम किती, दुसरी जागा रिकामी आहे का? चार, एसएसडी किती जीबी? ५१२ असेल तर उत्तम. पाच, विंडोज ११ अधिकृत आहे का? सहा, वॉरंटी किती, आणि सर्व्हिस सेंटर कोणत्या गावी? सात, पक्क्या बिलावर प्रोसेसरचा आकडा आणि मशीनचा सिरियल नंबर लिहून देणार का?

सातव्याला जो नाही म्हणेल त्याच्याकडून उठा. ताईच्या बिलावर फक्त 'लॅपटॉप १ नग' एवढंच लिहिलेलं होतं. आम्ही परत गेलो तेव्हा त्याच्यापुढे ठेवायला आमच्याकडे काहीच नव्हतं. दुकानदाराने लॅपटॉप परत घेतला नाही.

तुम्ही विचाराल, मग त्या पोरीचं काय झालं? आम्ही त्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून घेतलं. लिनक्स फुकट मिळतं आणि जुन्या मशीनवर हलकं चालतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल उपक्रमात लिनक्सचे आणि प्रोग्रामिंगचे धडे मराठीतही आहेत, तेही फुकट. त्यावर तिने सी भाषा शिकून पहिलं वर्ष काढलं. ॲपचं काम ती कॉलेजच्या लॅबमध्ये बसून करायची, शेवटची गाडी चुकू नये म्हणून घड्याळाकडे बघत. ताईचे हप्ते एकही चुकले नाहीत. मला मात्र प्रत्येक हप्ता घेताना वाटायचं, त्या दिवशी बैठकीत मी एक प्रश्न विचारला असता तर.

म्हणून आता आमच्या गटाने नियम केला आहे. लॅपटॉपचं कर्ज हवं असेल तर आधी प्रोसेसरचा आकडा आणायचा. दुकानातून मोबाइलवर फोटो पाठवला तरी चालतो. तो आकडा बैठकीत वाचायचा, समजला नाही तर गावातल्या जाणत्या पोरांना विचारायचा, आणि मगच ठराव. कर्ज नोंदवहीत कारणाच्या रकान्यात आम्ही नुसतं 'लॅपटॉप' लिहीत नाही. 'लॅपटॉप, आय३-१२१५यू, ८ जीबी' असं लिहितो. सही न येणाऱ्या आमच्या अध्यक्ष आजींनाही आता तोंडपाठ झालंय. परवा एकीला त्यांनीच विचारलं, "आय-फाइव्ह ते ठीक हाय, पण पिढी कोणती वं बाई?"

तुमच्याही गटात पुढच्या बैठकीला हा प्रश्न विचारला जावा, एवढंच सांगायचं होतं.